सतरावा अंक

बारा वर्षं रद्दीच्या दुकानांचे उंबरठे झिजवूनही त्याला एका जुन्या कॉमिकचा सतरावा अंक मिळाला नव्हता. आज जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने तो अलगद त्याच्या हातात ठेवला.

“मालक तयार झाला शेवटी?” त्याने विचारलं.

“छे. जीव गेला तरी विकणार नाही, म्हणायचा. परवा गेला. बायकोने कालच कपाट रिकामं करून दिलं.”

त्याने अंक छातीशी धरला.

“तुमच्याकडच्या पहिल्या अंकासाठीही तिघं खोळंबलेत,” दुकानदार म्हणाला.

“तो? जीव गेला तरी विकणार नाही.” म्हणता म्हणता त्याची नजर हातातल्या अंकाकडे गेली.

“त्यांना घाई नाही.” दुकानदाराने मायेने स्टूल पुढे सरकवलं. “बसा. जिना चढताना धाप लागायची, ती अजून तशीच आहे ना?”