तीनदा आणि एक थाप

कॅसेट त्या ओळीवर आली आणि न अडखळता सरळ पुढे निघून गेली. बंकट मास्तरांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

“अप्पा, ह्यांनी गाणं कापलंय,” ते म्हणाले.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर रुद्रप्पांचं हॉटेल होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी मास्तर हे सिनेमाचं गाणं याच बाकावर शिकले होते. एका चहावर चारदा रेकॉर्ड ऐकायची आणि घरी जाऊन क्लॅरिनेटवर बसवायची. तेव्हापासून बीड ते गेवराई, त्यांच्या बँडशिवाय लग्न लागलं तरी लागल्यासारखं वाटत नसे. धृपदाची शेवटची ओळ तीनदा घोळवायची, मग ढोलावर एक थाप, की वऱ्हाड उडी मारून पुढे सरके. रेडिओवर ती ओळ एकदाच यायची. रेडिओवाल्यांना वेळ कमी, म्हणून कापत असतील, अशी मास्तरांनी आपली समजूत घातली होती.

यंदा हॉटेलावर डिशची छत्री आली, टेपरेकॉर्डर आला आणि रेकॉर्डची पेटी माळ्यावर गेली. रुद्रप्पांनी लग्नसराईत कधी गल्ला सोडला नव्हता, त्यामुळे मास्तरांचा बँडही ऐकला नव्हता. आज मास्तरांच्या तोंडून सगळं ऐकून ते पोट धरून हसायला लागले.

“कापलं न्हाई, मास्तर! माझ्या रेकॉर्डला तिथं चरा पडलता. सुई अडकायची. मी पेटीला थाप मारायचो, मंग पुढं जायची. तुमी काय, थापबी शिकलात?”

मास्तर हसले नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. उद्या चकलांब्याला सुंदररावांच्या मुलाचं लग्न होतं. व्याही औरंगाबादचे, गाणं शिकवणारे. त्यांच्यासमोर हसं झालं, तर सुंदररावांच्या दारातली गोष्ट तालुकाभर व्हायला दोन दिवस पुरे होते. मग साठीच्या मास्तरांना बोलावणार कोण? घरी जाऊन त्यांनी ती ओळ एकदाच वाजवायचा सराव केला. बोटं ऐकेनात, पण त्यांनी ऐकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक मारुतीच्या पारापाशी आली. मास्तरांनी गाणं धरलं. ओळ एकदा वाजली आणि शहाण्यासारखी पुढे गेली. वऱ्हाडाच्या पायांना हे कोण सांगणार? पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले, नवरदेवाची घोडी बिचकली.

सुंदररावांच्या आई वत्सलाबाई ओट्यावरून कडाडल्या, “बंकट, आमचं गाणं कावून मोडलं रं? थाप कुठं गेली?”

मास्तरांनी एकदा व्याह्यांकडे पाहिलं. व्हायचं ते होऊ दे, असं मनात म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि गाणं पुन्हा धरलं. ओळ एकदा आली. दोनदा. तिसऱ्यांदा. थाप पडली आणि अख्खं गाव उडालं. व्याहीसुद्धा उडाले.

घाम पुसत ते मास्तरांजवळ आले. “या सिनेमाची रेकॉर्ड, कॅसेट, सगळं आहे माझ्याकडे. पण ही गंमत कशातच नाही. कुठली ही?”

मास्तरांची मान खाली गेली. तेवढ्यात आयुष्यात पहिल्यांदाच गल्ला सोडून लग्नाला आलेले रुद्रप्पा गर्दीतून वाट काढत पुढे झाले.

“रेकॉर्ड माझी हाय,” छाती काढून ते म्हणाले, “अन् थापबी माझीच!”