डावं नळकांडं

फेसाचा एकही बुडबुडा फुगला नाही.

धाकटीने ब्रश पुन्हा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि जोडावरून हळूहळू ओढत नेला. बोट धक्क्याच्या उतारावर, लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. अॅल्युमिनियमच्या दोन लांब, बंद नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट. वर बाकं आणि छप्पर, मागे इंजिन. डाव्या नळकांड्यात ती पंपाने बेताबेताने हवा भरत होती. कुठे भोक असलं, तर हवा तिथून निसटते आणि फेस फुगतो. इतकं साधं गणित होतं. ते काही केल्या सुटत नव्हतं.

"जपून," शेजारी स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले. "जास्त हवा भरलीस तर जोडच उसवेल."

"माहीत आहे, बाबा."

पहिल्यांदा बोट डावीकडे कलली, तेव्हा याच फेसाने पुढच्या टोकाला दोन बारीक भेगा दाखवल्या होत्या. धाकटी वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायची. तिने रजा घेतली, भेगा घासल्या, सुकवल्या आणि जोडून टाकल्या. बाबांनी वेल्डवरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि "झकास" म्हणाले. बोट दिवसभर पाण्यावर ताठ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो डावा खांदा पुन्हा पाण्यात. मग पुन्हा बोट वर ओढणं, पुन्हा पाणी काढणं, पुन्हा फेस. आता तर भेगही सापडत नव्हती, आणि तरी पाणी येतच होतं.

इंजिनवाले काका हात पुसत येऊन उभे राहिले. "काय गं, सापडलं का भोक?"

"नाही ना, काका."

"सोड आता. तुझ्या बापाच्या बोटीची चाळणी झालीय. पीठ चाळायला द्या कुणाला तरी."

"तुझ्या डोक्यापेक्षा भोकं कमीच आहेत तिला," बाबा म्हणाले.

काका मोठ्याने हसले. धाकटीला हसू आलं नाही. सोमवारपर्यंत बोट पाण्यात उतरली नाही, तर बाबांची खाडीपार माणसं नेण्याची फेरी दुसऱ्या बोटवाल्याला मिळणार होती. काल भांडी घासता घासता आई हळूच म्हणाली होती, "बोट गेली ना, की हा माणूस अंथरूण धरेल बघ." तिला रात्रभर तेच दिसत होतं: खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत बाबा, आणि त्यांना विचारण्यासारखं कुणाकडेच काही नाही.

मागचा कप्पा तेवढा तपासायचा राहिला होता. नळकांड्याच्या आत आडवे पडदे घालून कप्पे केलेले असतात. प्रत्येक कप्प्याला वर एक बूच आणि खाली एक.

"बाबा, पाना द्या."

बुचांना बसणारा पाना एकच होता आणि तो कायम बाबांच्या पट्ट्याला अडकवलेला असायचा. त्यांनी तो काढून तिच्या हातात दिला. ती बोटीखाली उताणी सरकली आणि खालचं बूच फिरवू लागली.

"हळू फिरव. आटे जातील," वरून आवाज आला.

"अहो बाबा, मी काही पहिल्यांदा—"

बूच निसटलं. पाण्याची चिळकांडी थेट तिच्या तोंडात गेली. ती झटकन कुशीवर वळली आणि तिने खारं पाणी थुंकायला तोंड उघडलं.

पाणी खारट नव्हतं.

ती तशीच पडून राहिली. मग ओंजळ धारेखाली धरून मुद्दाम एक घोट तोंडात घेतला. गोडं पाणी. त्याला जंतुनाशकाचा वास येत होता, नळाच्या पाण्याला येतो तसा. खाडीचं पाणी असं असूच शकत नव्हतं. पाऊस पडून कित्येक महिने झाले होते. आतल्या दमटपणाने पाणी धरतं, पण फार तर पेलाभर. इथे धार थांबायचं नाव घेत नव्हती. हे पाणी भोकातून आत शिरलेलं नव्हतं. ते वरचं बूच उघडून कुणीतरी ओतलं होतं.

पाना तिच्या मुठीत होता.

ती बोटीखालून बाहेर आली. कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. काका इंजिनाकडे परतले होते. बाबा वाकून डाव्या नळकांड्यावरून हात फिरवत होते, एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"काय झालं गं? सापडली का?"

तिला ओरडायचं होतं. माझी रजा, आईची झोप, सगळं पणाला लावून तुम्ही स्वतःच स्वतःची बोट बुडवताय? पण तिने तोंड फिरवून अरुंद खाडीच्या पलीकडे पाहिलं. आज बोट उतरणार, ही बातमी तिकडे पोचली असावी. तिचा राग उसळून वर आला.

"जरा तिकडे बघा, बाबा," ती म्हणाली. "पलीकडच्या धक्क्यावर बघा आणि मग मला सांगा."

बाबा सावकाश उभे राहिले. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. बराच वेळ धरला. डोळे बारीक करून मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे.

"काय बघायचंय त्यात?" ते शेवटी म्हणाले. "चिटपाखरूसुद्धा नाही तिकडे. मग घाई कसली? गळती सापडू दे सावकाश."

पलीकडचा धक्का माणसांनी फुलून गेला होता, आणि सगळ्यांच्या पुढे एक बाई कडेवरच्या लेकराचा हात धरून त्यांच्याच दिशेने हलवत होती.