सुनीतीचा आक्षेप

"सुनीती आहे का?" प्राध्यापक टिळेकरांनी दारातच विचारलं.

"ती गेली, सर. आठ महिने झाले," तिचे यजमान घारपुरे म्हणाले.

टिळेकर खुर्चीत बसले. व्याजदर वाढवले की वर्षभरात महागाई उतरते, हा त्यांचा सिद्धांत तीस वर्षं जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जात होता. तो मांडला तेव्हा त्यांची विद्यार्थिनी सुनीती म्हणाली होती, "सर, आपल्याकडे धान्य कमी पडलं की महागाई वाढते. व्याज वाढवून धान्य कसं येईल?" भर वर्गात त्यांनी तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं. तिनं संशोधन सोडलं आणि सांगलीला येऊन कॉलेजात शिकवू लागली.

"तिचंच बरोबर होतं," टिळेकरांनी पिशवीतून छापील लेख काढला. "एका संशोधकानं आकडेवारीनिशी सिद्ध केलंय. तेच सांगायला आलो होतो."

घारपुऱ्यांनी लेख हातात घेतला. "ती शेवटपर्यंत तुमचाच सिद्धांत शिकवायची. कुणी शंका काढली की म्हणायची, मलाही एकदा असंच वाटलं होतं, पण सर नाही म्हणाले, म्हणजे माझंच चुकलं असणार." पहिल्या पानावरची तारीख पाहून ते थांबले. "हा तर दोन वर्षांपूर्वीचा आहे."

"हो. तेव्हाच वाचला होता. यायचा धीर झाला नाही."

घारपुऱ्यांनी लेख हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला.

"चहा घेऊन जा," ते म्हणाले, आणि आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.