बिनमाशांची टाकी

टाकीत मासा एकही नव्हता, आणि हाब्बो तीत माशांचं खाद्य टाकत होता. चिमूटभर टाकलं, थोडा विचार केला, आणखी चिमूटभर टाकलं.

"अरे, जेवायला घालतोयस कुणाला?" शेजारचा मेन्नो दारातूनच ओरडला. जर्मनीतल्या लेअर गावच्या हौशी मत्स्यपालक मंडळाचा हा चिटणीस. दार वाजवून आत येणं बहुधा मंडळाच्या घटनेत बसत नसावं.

"कुणाला नाही. पाणी नासवतोय."

मेन्नो सावकाश खुर्चीत बसला. एकटं राहिलं की माणसाचं असं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. मग हाब्बोला सांगावंच लागलं.

बायको गेल्यापासून मुलगी, इम्के, ब्रेमेनहून नाताळला फोन करायची. तेवढंच. म्हणून यानं टाकी घेतली आणि तिला कळवलं, की नव्या टाकीत आधी चांगले जिवाणू वसवावे लागतात, नाहीतर मासे मरतात. पाणी दर आठवड्याला तपासायचं. काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की विषारी पाणी गुलाबी होतं, आणि या वयात आपल्याला काही गुलाबी दिसत नाही. इम्के रंगांच्या दुकानात कामाला. नुसत्या पांढऱ्याच्या ढीगभर छटा ती डोळ्यांनी ओळखते.

"मासे सोडेपर्यंत येईन दर रविवारी," ती म्हणाली होती. "नंतर तुमचं तुम्ही बघा."

आणि येत होती.

"तुला खरंच गुलाबी दिसत नाही?" मेन्नोनं विचारलं.

"तुझं नाक दिसतंय ना."

मेन्नोनं नाक चोळलं. "म्हणजे पाणी नासलेलं राहील तोवर पोरगी येणार. हुशार आहेस. पण गाढव आहेस."

"का?"

"खाद्य कुजलं की अमोनिया होतो. तो खाणारे जिवाणू येतात. ते नायट्राइट सोडतात, तेच तुझं गुलाबी. मग ते खाणारे दुसरे येतात. जितकं घालशील तितके वाढतील. नव्या सभासदांना आम्ही हेच तर शिकवतो! तू नासवत नाहीयेस बाबा, पोसतोयस."

हाब्बोचा विश्वास बसेना. मेन्नो गेल्यावर यानं मूठभर घातलं. पाणी गढूळ झालं, वास सुटला. हाब्बो खूश. मग पाणी आपोआप निवळलं. यानं बाजारातून आणलेली कच्ची कोळंबी टाकली. ती फुगली, विरली आणि पाणी पुन्हा निवळलं.

आता तो टाकीसमोर खुर्ची ओढून बसू लागला. दिसत काहीच नव्हतं. फिल्टरच्या स्पंजावर तपकिरी साय, बस्स. पण त्या सायीत कोट्यवधी जीव होते. नळातून आलेले, हवेतून आलेले, कदाचित त्याच्याच हातावरून उतरलेले. ना डोळे, ना तोंड. विष जेवत होते आणि पाणी स्वच्छ करून ठेवत होते, अजून न आलेल्या पाहुण्यांसाठी. चर्चमध्येही हाब्बो इतका गप्प कधी बसला नव्हता. तिथं तो घोरायचा.

रविवारी सकाळी त्यानं स्वतःच पाणी तपासलं. थेंब टाकले, नळी हलवली, वाट पाहिली. नितळ. गुलाबीची झाकसुद्धा नाही. आनंदानं त्याचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी आठवलं, आता मासे सोडायचे, म्हणजे इम्के यायची थांबणार.

"बिटाचा रस घाल दोन थेंब," नेहमीसारखा न विचारता आत आलेला मेन्नो कुजबुजला. "मंडळाला मी कळू देत नाही."

"नाही," हाब्बो म्हणाला. "एवढं केलंय त्या जिवाणूंनी. मी त्यांना खोटं पाडू?"

दुपारी इम्के आली. तिकडच्या रीतीचा चहा झाला. कपात खडीसाखर तडकली, मलईचा ढग वर आला. दोघंही हवेबद्दल बोलले. मग ती टाकीशी गेली.

"आज वास नाही येत, बाबा."

"नाही येत खरा."

तिनं नळी भरली, थेंब टाकले. हाब्बो तिच्या खांद्यामागून बघत होता. सकाळपेक्षाही नितळ.

"जे असेल ते सांग," तो म्हणाला. "मला काय, सगळं सारखंच दिसतं."

इम्केनं नळी खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग सिंकमध्ये ओतून दिली.

"गुलाबी आहे, बाबा. चांगलं गडद गुलाबी. पुढच्या रविवारी बघू."