कोमट पाणी

"कोणाची हरकत?" हम्फ्रीने विचारलं, आणि कोणीच सिसिलीकडे पाहिलं नाही. त्यावरूनच कळत होतं की सगळ्यांच्या मनात तीच आहे.

अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका पावभट्टीच्या मागच्या खोलीत ही इंग्लंडातून पळून आलेली मंडळी जमली होती. राजाचं चर्च सोडलं, गाव सोडलं, आणि आता जन्मल्याबरोबर कपाळावर पडलेलं पाणीही सोडायचं ठरलं होतं. तान्ह्या मुलाला काय कळतं? ज्याला आपला विश्वास आपल्या तोंडाने सांगता येतो, त्याचाच बाप्तिस्मा खरा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पिकल्या केसांची माणसं पितळी घंगाळासमोर एकेक करून मान वाकवत होती. पाणी ओतण्याआधी मंडळीचा पुढारी हम्फ्री सगळ्यांना विचारायचा. एकाने जरी हरकत घेतली, तरी घंगाळासमोरचा माणूस बाहेर. ही माणसं वादाला पटाईत, त्यामुळे सकाळपासून जेमतेम निम्मी उरकली होती.

आता घंगाळासमोर अर्सुला उभी होती. म्हातारी गावाकडची सुईण. इथल्या अर्ध्याअधिक लोकांची नाळ तिनेच कापलेली.

"माझी आहे हरकत," सिसिली म्हणाली. तिचे स्वतःचे केस अजून ओले होते.

मग तिने सगळं सांगितलं. तिचं पहिलं बाळंतपण, ऐन हिवाळ्यातलं. मुलगा झाला, पण अगदी अशक्त, श्वास लागलेला. पाद्री दूरच्या गावात. अशा वेळी बाप्तिस्मा द्यायचा अधिकार सुईणीला असतो. अर्सुला पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली, ती लवकर आलीच नाही. आली तेव्हा मूल गेलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणून पाद्रीने चर्चच्या आवारात जागा दिली नाही, आणि नवऱ्याने ते पोर कुंपणापलीकडे, खाजकुइलीच्या रानात पुरलं. त्यानंतर सिसिली अर्सुलाशी एक शब्द बोलली नव्हती. दोघी एकाच बोटीतून समुद्र ओलांडून आल्या, एकाच पावाचे तुकडे खात आल्या, तरीही नाही.

"मी खाटेवरून हाका मारत होते," ती म्हणाली. "आणि ही चुलीपाशी शेकत बसली होती. नवऱ्याने दारातून पाहिलं."

हम्फ्री मनाने चांगला होता, पण उत्तर तयार असलं की त्याला गप्प बसवत नसे. त्याने हळू आवाजात समजावलं की तान्ह्याला पाण्याची गरजच नसते, हेच तर आपण शिकलो. तुझं मूल देवापाशी आहे, पाण्यावाचूनही आहे.

"ते मला पटलंय. म्हणून तर डोकं भिजवून घेतलं," सिसिली म्हणाली. "पण तेव्हा हिला ते ठाऊक नव्हतं. पाणी मिळालं नाही तर माझं पोर कायमचं वाया जाणार, असंच ही तेव्हा मानत होती. तरी उठली नाही."

हम्फ्री घंगाळाकडे वळला. त्याने अर्सुलाला विचारलं, चुलीपाशी बसली होतीस का?

"बसले होते." अर्सुलाने शालीचं टोक हातात घट्ट धरलं. "पिंपात बर्फ धरला होता. तो फोडून वाटीभर पाणी घेतलं, तर माझ्याच बोटांना झोंबायला लागलं. एवढंसं कपाळ ते. त्यावर नाही ओतवलं मला. म्हटलं, जरा कोमट करून न्यावं. वाटी निखाऱ्यांवर धरून बसले. तेवढ्यात..."

 

"मग हे इतकी वर्षं बोलला का नाहीत?" सिसिलीने विचारलं. ती अर्सुलाशी बोलते आहे हे आधी इतरांच्या लक्षात आलं, मग तिच्या स्वतःच्या.

"काय बोलणार बाई? उशीर तो उशीरच. आणि पाद्रीला काय सांगू? देवाच्या पाण्यापेक्षा मला पोराचा गारठा मोठा वाटला म्हणून?"

 पलीकडे भट्टीवाला पाव काढत होता, त्याच्या लांब फळीचा आवाज तेवढा येत होता. हम्फ्रीला आता पुन्हा एकदा विचारणं भाग होतं.

"सिसिली, तुझी हरकत..."

सिसिली उठली आणि भट्टीच्या दाराने निघून गेली. तिच्यामागे दार आपटलं. कोणीतरी सुस्कारा टाकला. अर्सुलाने समजायचं ते समजून शाल डोक्यावरून घेतली आणि घंगाळापासून दूर झाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हे असंच होणार, हे ती घरूनच धरून आली असावी.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. सिसिलीने भट्टीवाल्याची तापलेली किटली एप्रनच्या पदराने धरून आणली होती. कोणाकडे न बघता तिने थोडं ऊन पाणी घंगाळात ओतलं. वाफ वर आली. भिंतीपाशी बसलेल्या एका गृहस्थाने, ऊन पाण्याचा बाप्तिस्मा चालतो का, असं विचारायला तोंड उघडलं. आठवडाभर सगळ्यावर वाद झाला होता, पण हा मुद्दा कोणी काढलाच नव्हता. शेजारी बसलेल्या बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तसा तो गप्प झाला.

सिसिलीने बाही वर सारली आणि पाण्यात कोपर बुडवलं. जरा विचार केला. किटलीतलं आणखी थोडं ओतलं, हाताने ढवळलं आणि पुन्हा कोपर बुडवून पाहिलं.

"आता ओता," ती हम्फ्रीला म्हणाली.