बरोबर उत्तर

प्रथमोपचाराच्या ऑनलाइन वर्गात नुसतं ऐकून सगळे डुलक्या काढतात, म्हणून वर्ग घेणाऱ्या सासऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर अभिनयच सुरू केला. कधी गुदमरायचे, कधी घेरी येऊन पडायचे. मग पडद्यावर आपोआप प्रश्न यायचा आणि सगळ्यांनी झटपट बटण दाबायचं. सूनही ऑफिसातून त्याच वर्गाला बसायची. "सूनबाई, मार्क कमी पाडून माझं नाक कापू नकोस," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

आजचा धडा हृदयविकाराचा होता. बोलता बोलता त्यांनी छाती दाबून धरली आणि ते खुर्चीवरून धाडकन कोसळले. वर्गाने टाळ्यांची चित्रं पाठवली. तेवढ्यात प्रश्न आला: 'सर्वात आधी काय कराल?'

बटणाकडे गेलेलं सुनेचं बोट थबकलं. पडायचं नाटक करण्याआधी बाबा आठवणीने चष्मा काढून ठेवायचे. आज तो डोळ्यांवरच होता, आणि एक काच तडकली होती.

वेळ संपली, निकाल झळकला. 'ॲम्ब्युलन्सला फोन करू', सगळ्यांचं उत्तर बरोबर.

नापास झाली ती एकटी सून. बटण दाबायचं सोडून ती फोनवर घराचा पत्ता सांगत होती.