म्हातारीचं वळण

“आता नाकासमोर,” वाटाड्या म्हणाला, आणि सुकाणूवाल्याने जहाजाचं तोंड बेटाकडे केलं.

समोर धक्का दिसत होता. धक्क्यावर अख्खं बेट लोटलं होतं. एवढं मोठं जहाज आजवर इथे कधी लागलंच नव्हतं. ते लांब खोल पाण्यात उभं राहायचं, आणि सिमेंटच्या गोणीपासून आजारी माणसापर्यंत सगळं लहान होड्यांतून हेलकावे खात जायचं-यायचं. मासळी तर होडीतून जहाजावर चढेपर्यंत निम्मी नासायची. आता समुद्राचा तळ उपसून धक्क्यापर्यंत सरळ, खोल वाट काढली होती. दोन्ही बाजूंना लाल-हिरवे बोये तरंगत होते. त्यांच्यामधून हे पहिलंच जहाज चाललं होतं, आणि ते आत नेणारा वाटाड्या बेटावरचाच होता.

“एक आधीच सांगून ठेवतो,” शेजारी उभा असलेला कप्तान म्हणाला. “जहाज रुतलं, तर आमची कंपनी पुन्हा या बेटाचं नाव काढणार नाही.”

“नाही रुतणार,” वाटाड्या म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याची नजर बंदराच्या तोंडावरून हलत नव्हती.

कारण वाटेत म्हातारी होती. म्हणजे कालपरवापर्यंत होती. म्हातारी म्हणजे बंदराच्या ऐन तोंडाशी पाण्याखाली दबा धरून बसलेला वाळूचा उंचवटा. तिने किती होड्या गिळल्या याची गणती नव्हती. ती जवळ आली की वाटाड्या ओरडायचा, सुकाणू डावीकडे पडायचं, होडी उजवीकडे कलायची आणि तोल सांभाळायला माणसं डावीकडे झुकायची. गप्पा न थांबवता, मांडीवरची टोपली न सोडता. बेटावरच्या माणसाला हे सांगावं लागत नसे. जो ताठ बसून राहील तो पाहुणा, हे समजूनच चालायचं.

वाटाड्याचा जन्म त्या एका वळणात गेला होता. आणि आज नेमकं तिथेच वळायचं नव्हतं. वळलं की नव्या वाटेबाहेर, थेट उथळ पाण्यात.

म्हातारीला उचललं होतं ते त्याच्याच मुलीने. गाळ उपसणारं जहाज तिच्या हाताखाली होतं. आधी सगळ्यांनी तिची टिंगल केली. “समुद्र उपसायला निघालीच आहेस, तर घरातली पळीही ने,” असं तिचा सख्खा काका म्हणाला होता. दिवसभर तिने उपसावं आणि लाटांनी निम्मी वाळू परत आणून टाकावी. ती पुन्हा जायची. हातातला घास हातात ठेवून बसल्या जागी झोपलेली त्याने तिला पाहिली होती. पोरगी चिवट आहे हे त्याला ठाऊक होतं. एवढी असेल हे ठाऊक नव्हतं.

आज सकाळी चपला घालता घालता ती म्हणाली होती, “बाबा, म्हातारीपाशी आलात की नुसतं गप्प बसायचं. काही करायचं नाही.”

“अगं, आयुष्यभर तिथे ओरडूनच घर चालवलंय मी.”

“म्हणून तर सांगतेय.”

बोये एकेक करून मागे पडत गेले. टेकडीवरची पाण्याची टाकी सरकत सरकत बर्फाच्या कारखान्याच्या बरोबर मागे आली. हीच ती खूण. म्हातारी इथेच.

सुकाणूवाला वाटाड्याच्या तोंडाकडे बघत होता. ‘डावीकडे’ हा शब्द अगदी ओठांवर येऊन उभा राहिला. त्याने तो गिळला.

“इथे पाणी नक्की आहे ना?” कप्तानाने विचारलं. “खात्री कुणाची?”

“ज्यांनी उपसलंय त्यांची.”

“ओळखता त्यांना?”

“तिच्या वेण्या घातल्यात मी.”

जहाज चालत राहिलं. पायाखालून वाळूचा तो खरखराट येईल म्हणून वाटाड्या कान देऊन उभा होता. खरखराट आला नाही. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर काटा होता तिथेच राहिला. जहाज म्हातारीच्या डोक्यावरून चाललं होतं आणि खाली नुसतं पाणी होतं, भरपूर, शांत पाणी.

“शाब्बास, पोरी!” तो मोठ्याने म्हणाला. डोळे भरून आले होते, ते त्याने लपवले नाहीत.

मग त्याच्या लक्षात आलं, आपण डावीकडे कललो आहोत, इतके की खांदा खिडकीला टेकलाय. जित्याची खोड! तो ओशाळून सरळ झाला, आणि आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्याने दुर्बीण धक्क्याकडे लावली.

धक्क्यावर त्याची बायको होती, पळीवाला भाऊ होता, बर्फवाला होता, शाळेतल्या बाई होत्या, पोरं कडेवर घेतलेल्या आया होत्या. सगळे श्वास रोखून जहाजाकडे बघत होते. आणि घट्ट दगडी धक्क्यावर उभे असूनही सगळेच्या सगळे डावीकडे झुकले होते.

त्या गर्दीत एकटी त्याची मुलगी ताठ उभी होती. हाताची घडी घालून, जांभई देत.